पुलापलीकडचा कर

१

चोरी झाली आहे, याबद्दल घरात कुणाचेच दुमत नव्हते. मतभेद होता तो एवढाच, की चोराला घराबाहेर कधी काढायचे.

घर वर होते आणि खाली गोदाम. रुग्णांना लागणारे साहित्य ही मंडळी विकत: चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, पलंगाचे कठडे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवा भरायच्या गाद्या. एके काळी रस्त्यावर तोंड असलेले दुकान होते. विक्री वेबसाइटवर गेली तसे दुकानाचे शटर खाली आले ते आलेच. आता त्याला आतून खोक्यांची थप्पी टेकलेली होती, आणि आल्यागेल्याने मागच्या गोदामाच्या दारातून जायचे, असा शिरस्ता पडला होता.

चोरी उघडकीस आणली ती करखात्याच्या नोटिशीने. गाव नदीच्या अलीकडे आणि मोठे शहर पलीकडे. अलीकडे नुसता विक्रीकर. पूल ओलांडला की त्यावर शहराचा जादा कर. माल गिऱ्हाइकाच्या हाती जिथे पडेल तिथला कर लावायचा, हा नियम. वेबसाइट गिऱ्हाइकाचा पत्ता पाहून हा हिशेब आपोआप करी. तरीही शहरातल्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या बिलांवर जादा कर लागलाच नव्हता. नोटिशीला दोन बिले जोडली होती. एकच खुर्ची, एकच गल्ली, समोरासमोरची दारे. एका बिलावर कर बरोबर, दुसऱ्यावर कमी.

"यंत्र कधी समोरचं दार बघून कर लावतं का?" मालकांच्या थोरल्या मुलाने विचारले. कारभार त्याच्या हाती होता. "माणूस लावतो. कमी कराची सगळी बिलं रोखीची आहेत. गिऱ्हाइकाकडून पूर्ण घ्यायचे, बिलावर कमी दाखवायचे, मधले खिशात. बिलं कुणाच्या हातात आहेत? धाकटीच्या. आणि वर्षभर वेगळ्या बिऱ्हाडासाठी खोल्या कोण बघत फिरतंय? धाकटीच."

हे तो ज्या बाईंना सांगत होता, त्या बिघडलेल्या वेबसाइटी दुरुस्त करीत. या धंद्यातली पोरे त्यांना 'आत्याबाई' म्हणत, कारण दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याची त्यांची रीत लग्नाला आलेल्या आत्येसारखी होती.

"मग मला कशाला बोलावलंत?" आत्याबाईंनी विचारले.

"यंत्रात दोष नाही, एवढं लिहून द्या. परवा खात्याला उत्तर द्यायचंय. त्यात तिचं नाव घालून आम्ही मोकळे होतो. दंड होईल तो तिला होईल, तुरुंग व्हायचा तर तिला. नाव बुडायचं ते एकाचं बुडू दे, घराचं नको."

आत्याबाईंची नजर काचेपलीकडे गेली. शेजारच्या खोलीत धाकटी सून पाठ ताठ ठेवून टाइप करीत बसली होती. मधले दार उघडेच होते. तिने शब्द न् शब्द ऐकला असणार. तिची बोटे मात्र थांबली नव्हती.

२

"तुम्ही विचारायच्या आधीच सांगते," धाकटी सून म्हणाली. "मी घेतलेले नाहीत. पण हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता माझं मलाच ते पाठ केल्यासारखं वाटतं."

"बिलावरचा कर तुम्हाला बदलता येतो?"

"येतो. माल परत आला तर बदलावा लागतो."

"आणि रोख?"

"खालून येते. पोचवणारी माणसं गोदामात देतात, अण्णा, माझे सासरे, सगळी एकत्र वर आणतात. मी बिलांशी ताडून बघते. दर वेळी जुळली." ती जरा थांबली. "बेरीज जुळली की मी पुढे जायचे. कराचा दर कधी पाहिलाच नाही हो. तो यंत्र लावतं, आपण कशाला बघायचं, असं वाटायचं. चूक म्हणाल तर ती माझी."

"खोल्या बघत होतात म्हणे."

"बघत होते. वेगळं राहावंसं वाटणं हा गुन्हा आहे का? इथे घड्याळाच्या काट्यावर जेवतात, आणि जेवताना सगळे माझ्या ताटाकडे बघतात. आता तर पाणी प्यायले तरी बघतात."

तिचा नवरा, घरातला धाकटा, पलीकडच्या टेबलाशी होता. वेबसाइट त्यानेच बांधलेली. आत्याबाईंचे नाव तो ऐकून होता. उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, पण डोळ्याला डोळा देईना.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी सरळ विचारले. "तुमच्या बायकोनं घेतले?"

"मी काय सांगणार? दादा म्हणतोय ते... आकडे तर तेच सांगतात."

"आकडे काही सांगत नसतात, बाबा. आपण त्यांच्या तोंडी घालतो. वेबसाइट चुकत असेल, असं नाही वाटलं?"

"वेबसाइट बरोबर आहे," तो चटकन म्हणाला. आत्याबाईंच्या आजवरच्या आयुष्यात हे वाक्य इतक्या खात्रीने उच्चारणारा प्रोग्रामर दुसरा भेटला नव्हता. बाकीचे निदान घाबरून म्हणत.

उरले म्हातारे मालक. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते खाली एका वॉकरला कागद गुंडाळत होते. कडा अशा दुमडत होते, जणू तान्ह्या मुलाला दुपट्यात घेत आहेत.

"बसा," ते म्हणाले. "बसायला इथे खुर्च्यांना तोटा नाही. फक्त सगळ्या चाकांच्या आहेत."

"सूनबाईंनी पैसे घेतले असतील?"

अण्णांचे हात थांबले. "पोर तशी नाही."

"मग हे वर का सांगत नाही?"

"माझं कोण ऐकतंय वर? मी आपला खालचा माणूस." त्यांनी वॉकर उचलला. "येतो. माझी फिरायला जायची वेळ झाली."

मागच्या अंगणात जुनी टेम्पोगाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी घेऊन फिरायला जाणारा माणूस आत्याबाईंनी आजवर पाहिला नव्हता. पण म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखत असतील, म्हणून त्यांनी तो विचार तिथेच सोडला. तो सोडायला नको होता.

३

बिघाड शोधायची पहिली रीत साधी असते: तो आपल्या डोळ्यांसमोर घडवून आणायचा. आत्याबाई गिऱ्हाईक झाल्या. चाकांची खुर्ची निवडली, नोटिशीतल्याच गल्लीचा पत्ता टाकला आणि पैसे भरण्याच्या पानावर आल्या. जादा कर लागला. रोख देईन म्हटले, लागला. वॉकर, गादी, कठडा, एकेक करून पाहिले आणि एकत्रही पाहिले. कर चुकायला तयार नव्हता. लबाडी पकडायला जावे आणि समोरच्याने प्रत्येक वेळी सुटे पैसे मोजून परत द्यावेत, तशी गत झाली.

कमी कराच्या बिलांत आणखी एक गोष्ट समान होती. त्यांवर पोचवणावळ शून्य होती. थोरल्याने 'पोचवणावळ माफ' असे एक कूपन काढले होते. आत्याबाईंना हुरूप आला. कूपन लावले की यंत्र पोचवणेच विसरत असेल, आणि त्याबरोबर पत्ताही! त्यांनी कूपन लावले. पोचवणावळ गेली. जादा कर होता तिथेच राहिला.

"झालं समाधान?" थोरला मागे येऊन उभा होता. "यंत्रात दोष नाही. लिहा आता."

"उद्या लिहिते."

"उद्या काय वेगळं दिसणार आहे?"

आत्याबाई पुन्हा बिलांकडे वळल्या. बिलांमध्ये नंतर कुणी हात घातल्याची खूणही सापडत नव्हती. आणि हे सुनेच्या बाजूचे होते. पण थोरला म्हणाला, की बिल बनतानाच फिरवले असेल. आणि तसे झालेच नसेल, हे आत्याबाईंना सिद्ध करता येईना. निरपराध माणसाकडे निरपराधपणाचा पुरावा क्वचितच असतो, कारण तो जपून ठेवायला हवा, हे त्याला ठाऊकच नसते.

जाता जाता त्यांनी कमी कराच्या गिऱ्हाइकांची नावे पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात एकही नवा माणूस नव्हता. प्रत्येक जण दुकानाचे शटर उघडे असल्यापासूनचा.

आणि त्या स्वतः दिवसभर गिऱ्हाईक झाल्या होत्या त्या धाकट्याने दिलेल्या खात्यातून. सकाळी त्यांनी त्याच्याकडे 'एखादं जुनं खातं द्या' असे मागितले होते. त्याने नवे उघडून दिले होते. "सगळी सारखीच असतात," असे म्हणाला होता.

४

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी जुने खाते मागितले ते धाकट्याकडे नव्हे, अण्णांकडे. त्यांचे स्वतःचेच खाते होते. पुन्हा तीच खुर्ची आणि तीच गल्ली. पैसे भरण्याच्या पानावर 'घरी पोचवा' आणि 'तातडीने पोचवा' या दोन ओळींखाली तिसरी एक ओळ उगवली: 'दुकानातून घेऊन जाईन'.

त्यांनी तिच्यावर बोट ठेवले. पोचवणावळ शून्य झाली. पत्त्याची चौकट मिटली. आणि शहराचा जादा कर, कुणी अलगद उचलून न्यावा तसा, नाहीसा झाला.

"इकडे या सगळे!" त्यांनी हाक मारली.

सगळे आले. अण्णा तेवढे खालीच राहिले.

"ही ओळ फक्त जुन्या गिऱ्हाइकांना दिसते. ती निवडली की माल इथे, दुकानात, हाती पडतो. म्हणून कर अलीकडचा. यंत्राचं बरोबर आहे. बिलावर मात्र घरचा पत्ताच छापला जातो, त्यामुळे खात्याला वाटलं की माल पलीकडे गेला. समोरासमोरच्या दोन दारांतल्या एकानं माल घरी मागवला आणि दुसरा येऊन घेऊन गेला. ना कर बुडाला, ना कुणी पैसे खाल्ले."

धाकटी सून खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला, आणि तो सोडताना तिच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून आत्याबाईंनी मान दुसरीकडे फिरवली.

"सुटलो!" थोरल्याने टाळी वाजवली. "म्हणजे दमडीही द्यायची नाही! बाई, तुमच्या तोंडात साखर पडो. लिहा, लिहा. गिऱ्हाइकं दुकानात येऊन माल घेऊन गेली."

सुनेला तो काही म्हणाला नाही. बहुधा म्हणायला हवे, हेच त्याच्या लक्षात आले नसावे.

आत्याबाई लिहायला बसल्या. 'गिऱ्हाइके दुकानात येऊन' इथवर आल्या आणि त्यांचा हात थांबला.

कोणत्या दुकानात? शटर खाली होते, आणि त्याला आतून खोकी टेकलेली होती. त्या गिऱ्हाइकांनी घेतलेल्या वस्तूंची नावे त्यांनी पुन्हा पाहिली. चाकांची खुर्ची. पलंगाचा कठडा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हवेची गादी. जी माणसे उठून दारापर्यंत जाऊ शकत नव्हती, ती पूल ओलांडून आली कशी?

५

फोन एका बाईंनी उचलला. मागे कुणीतरी सारखे खोकत होते.

"दुकानातून बोलताय? अगंबाई, अण्णा बरे आहेत ना? परवा यायचे होते, आले नाहीत."

"अण्णा येतात?"

"मग आम्ही कुठून यायला? यांना कूस बदलायची तर दोन माणसं लागतात. अण्णा म्हणाले, तुम्ही ती खालची ओळ दाबा, पोचवणावळ कशाला भरता, मी आणून देतो. देवमाणूस हो. नुसतं सामान टाकून जात नाहीत. यांच्याशी गप्पा मारतात. दाढीसुद्धा करून दिली एकदा."

आत्याबाईंनी फोन ठेवला आणि त्या खाली गेल्या. अण्णा वाटच पाहत असावेत.

"कळलं?" त्यांनी विचारले.

"कळलं. माल तुम्ही पलीकडे पोचवत होतात. म्हणजे कर पलीकडचाच लागायला हवा होता. खात्याचं बरोबर आहे."

"मला कराचं काय कळतंय? मला वाटायचं, बिचाऱ्यांची पोचवणावळ वाचते. ही गेल्यापासून..." त्यांनी बायकोचा उल्लेख करून वाक्य तसेच सोडले. "वर मी बसलो की सगळ्यांची अडचण होते. थोरला म्हणतो, अण्णा, तुम्ही आराम करा. आराम म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला? भिंतीकडे तोंड करून पडायचं. तिथे, पलीकडे, मी गेलो की माणसं उशीवरून मान उचलतात."

"कराचं कळत नव्हतं, मान्य. पण नोटीस आल्यावर कळलं असेल."

अण्णांनी मान खाली घातली.

"सूनबाईंवर आळ आला तेव्हा तरी बोलायचंत."

"बोललो असतो तर गाडीची किल्ली काढून घेतली असती." ते फार हळू बोलत होते. "रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. पोर ताटावर बसायची, घास घोळवायची. मला दिसायचं. मी खाली निघून यायचो. एवढा हलका माणूस आहे मी, बाई. आधी ठाऊक नव्हतं."

आत्याबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. यावा म्हणून त्या थोडा वेळ थांबल्याही. मग म्हणाल्या, "वर चला. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा."

६

अण्णांनी सांगितले.

सावरला तो थोरलाच. "म्हणजे काय झालं? काही नाही झालं. कागदावर दुकानातून नेलंय ना? मग नेलंच. कोण विचारायला जातंय?"

"करखातं जाईल विचारायला," आत्याबाई म्हणाल्या. "एका घरी फोन केला की पुरे. आणि मग त्या अंथरुणातल्या माणसांना खोटं बोलावं लागेल."

"आणि खरं सांगितलं तर? मागचा सगळा फरक आपण भरायचा, वर दंड. गोदाम विकावं लागेल. तुमचं काय जातंय सांगायला?" तो धाकटीकडे वळला. आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ, उत्तरावर सही हिशेबनीस म्हणून तुझी लागते. दुकानातून नेलं, एवढंच लिहायचं. तुझं नावही साफ, घरही वाचलं. झालं गेलं विसरून जा."

तिने कागद पुढे ओढला. "भावजी, इतके दिवस मी खोटी बिलं केली नव्हती, तेव्हा तुम्ही मला चोर म्हणालात. आता खोटं लिहिलं की मी घरची होईन?"

"शब्दात पकडू नकोस."

"मी खरं लिहिणार आहे."

"मग विका गोदाम! बसा सगळे रस्त्यावर! आणि पलीकडच्यांना कोण देणार आहे कठडे न् गाद्या?" त्याने पुलाच्या दिशेने हात उडवला. हे मात्र खरे होते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते खरे आहे हे ठाऊक होते. अण्णा भिंतीला धरून खाली बसले.

सून लिहीत होती. मान वर न करता तिने नवऱ्याला विचारले, "ती ओळ तू बांधली होतीस ना?"

"अण्णांनी सांगितलं होतं. फार पूर्वी."

"आणि नोटीस आल्यावर तुला आठवली नाही?"

धाकटा अण्णांकडे पाहू लागला. उत्तर आत्याबाईंपाशी होते. ते आपण द्यावे की नाही, याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मग त्यांना वाटले, की या बाईला आजवर सगळे जण काही ना काही लपवूनच जपत किंवा छळत आले आहेत, त्यांत आपली भर नको.

"आठवली होती," त्या म्हणाल्या. "मी जुनं खातं मागितलं तेव्हा यांनी मला नवं उघडून दिलं. जुन्यात ती ओळ दिसली असती. आणि वेबसाइट बरोबर आहे, हे इतक्या खात्रीनं तोच सांगू शकतो, ज्याला कर कुठून कमी होतोय ते ठाऊक आहे."

"खरं आहे?" सुनेने विचारले.

"सगळं अण्णांवर गेलं असतं गं," धाकटा म्हणाला. "या वयात. तू तरुण आहेस, तू निभावून नेलं असतंस. मी तुला नंतर सांगणारच होतो."

"तुरुंगात भेटायला येऊन?"

ती हे ओरडून म्हणाली असती तर बरे झाले असते. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी काय आणू, असे विचारावे तशी. मग तिने पत्र पूर्ण केले, सही केली, आणि कागद थोरल्यापुढे न ठेवता आत्याबाईंच्या हाती दिला. "तुम्ही जाता जाता खात्यात द्याल? इथे ठेवलं तर पोचायचं नाही."

कपडे भरायला तिला फार वेळ लागला नाही. आत्याबाई गोदामाच्या दाराशी गाडी घेऊन थांबल्या. पुलापलीकडे तिची मावशी राहत होती, तिथवर सोडायचे ठरले होते. अण्णा खाली आले नाहीत. थोरला मात्र जिन्यावरून वाकून म्हणाला, "महिनाअखेरचा हिशेब तेवढा करून जातेस का?" त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. तो खरोखरच अडचणीत होता.

ती गोदामाचे दार ओलांडून बाहेर आली.

धाकटा तिची बॅग घेऊन मागोमाग आला. बॅग जड होती. त्याने ती दोन्ही हातांनी, सांभाळून, कुठे आपटू न देता आणली आणि गाडीशी उभा राहिला. तीही उभी राहिली. दार उघडे होते, इंजिन चालू होते. आत्याबाईंनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहण्याचा प्रयत्न केला, तरी त्यांना दिसतच होते: ती आत बसत नव्हती. ती वाट पाहत होती. एक शब्द पुरला असता, आणि तो कोणता हे त्या तिघांनाही ठाऊक होते.

त्याने बॅग मागच्या सीटवर नीट ठेवली, पट्टा आत सरकवला. मग वर अण्णांना खोकल्याची उबळ आल्यासारखे त्याला वाटले, म्हणून त्याने मान वळवली, आणि तो घाईघाईने जिना चढून गेला.